चार्पीत २५० ज्यूल, तरी डीडब्ल्यूटीटी नापास कशी?

प्लेट_तपासनीस: नमस्कार मंडळी. गॅसलाइनच्या पाइपसाठीच्या एक्स-७० पोलादाची १८ मिमी प्लेट आहे. उणे १० अंशाला चार्पी (खाच पाडलेला छोटा नमुना लोलकाच्या घावाने तोडून लागलेली ऊर्जा मोजतात ती चाचणी) २५० ज्यूलच्या वर, नमुने पूर्ण तुटतसुद्धा नाहीत. त्याच तापमानाला डीडब्ल्यूटीटीत (ड्रॉप वेट टिअर टेस्ट, म्हणजे पूर्ण जाडीचा नमुना पडत्या वजनाने तोडणं) मात्र शिअर एरिया, म्हणजे तुटलेल्या पृष्ठभागातला चिवटपणे फाटलेला भाग, ६० टक्के, पाहिजे ८५. साहेब म्हणतात मशिन तपासा. मला प्लेटचाच संशय येतोय.

जुना_लॅबवाला: संशय रास्त आहे. चार्पीचा नमुना १० मिमी चौरस, म्हणजे तुमच्या प्लेटची जवळपास निम्मी जाडी मशिनिंगमध्येच गेली. पूर्ण जाडीत मधल्या पोलादाला आकसायला वाव नसतो. तिथे तिन्ही दिशांनी ताण बसतो आणि धातू ताणला जाण्याआधीच फेराइटचे (पोलादातल्या लोखंडाचे) कण क्लीव्हेजने, म्हणजे सपाट चिरून ठिसूळपणे, फुटतात. त्यामुळे पूर्ण जाडीचं ट्रान्झिशन तापमान (ज्याच्या खाली पोलाद चिवटऐवजी ठिसूळ तुटतं) चार्पीपेक्षा वर सरकतं.

शिवाय त्या २५० ज्यूलमधला मोठा वाटा चीर सुरू करण्यातच खर्च होतो. गॅसलाइनला धोका असतो धावत्या चिरेचा. १९६० साली न्यू मेक्सिकोत ३० इंची लाइनची वायू भरून चाचणी चालू असताना एकच ठिसूळ चीर सुमारे १३ किलोमीटर पळाली! नैसर्गिक वायूतला दाब उतरण्याची लाट सेकंदाला साधारण ४०० मीटरने जाते. ठिसूळ चीर तिच्याही पुढे पळते, म्हणून चिरेच्या टोकाशी दाब कायम राहतो. तन्य (चिवटपणे फाटत जाणारी) चीर सहसा मागे पडते, दाब उतरतो आणि ती थांबते. त्याच दशकात ओहायोच्या बॅटेल संस्थेत पूर्ण जाडीची ही चाचणी घडवली गेली, ती याच काळजीपोटी. ज्यूल कितीही येवोत, शिअर एरिया कमी असेल तर मी प्लेट पुढे जाऊ देत नाही.

रोलिंग_शिफ्ट: चमकदार, म्हणजे ठिसूळ फुटलेला, भाग कुठे आहे? फक्त हातोड्याच्या बाजूला असेल तर तो इन्व्हर्स फ्रॅक्चर (उलट बाजूचं ठिसूळ फुटणं). तिथला धातू आधी दाबला जाऊन कडक होतो, मग फुटतो. चिवट पोलादात हे हमखास दिसतं.

प्लेट_तपासनीस: नाही, नॉचच्या (नमुन्यातल्या खाचेच्या) मुळापासूनच दाणेदार पट्टा आहे, जाडीच्या मध्यभागी. दोन्ही कडांना करडे शिअर लिप (चिवट फाटलेले काठ).

जुना_लॅबवाला: मग मशिनला दोष देऊ नका. नमुना थंड द्रवाच्या बाथमधून काढल्यावर दहा सेकंदांत घाव बसतोय एवढं बघा. नंतर त्याच प्लेटचे नमुने अधिक १०, शून्य, उणे १० आणि उणे २० ला तोडून वक्र काढा. मध्यभागी मँगनीजचं सेग्रिगेशन (एका जागी साचणं) आहे का, ग्रेन (धातूचे कण) जाड राहिलेत का, तेही मायक्रोस्कोपखाली पाहा. फिनिश रोलिंगचं (प्लेट शेवटची लाटतानाचं) तापमान रोलिंगवाल्यांकडून आजच मागवा.