मदत हवी आहे: हवेतली तिरकी किक आणि जमिनीला चिकटून असलेला शत्रू

माझा टूडी प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम), 60 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम. तिरक्या किकचा वेग सेकंदाला 1500 पिक्सेल, म्हणजे दर फ्रेमला 25. पायाचा हिटबॉक्स (मार लागला का हे ठरवणारा चौकोन) 10 पिक्सेल, शत्रू वटवाघूळ 12. बेरीज 22 च होते, त्यामुळे किक कधीकधी आरपार जायची. मागच्या फ्रेमपासून आताच्या फ्रेमपर्यंतचा सगळा पट्टा तपासायला लागल्यावर ते थांबलं. एकाच किकमध्ये दोनदा मार बसू नये म्हणून लागलेल्या शत्रूंची यादी ठेवली आहे. किक लागून वर उसळी मिळाली की ती रिकामी होते.

आता खरी अडचण. बुटका शत्रू जमिनीवर असेल तर त्याच फ्रेममध्ये पाय जमिनीलाही टेकतो. जमीन आधी तपासली की किक रद्द होऊन मार वाया जातो, आणि खेळणाऱ्याला ते सरळसरळ अन्याय वाटतं. शत्रू आधी तपासला की कडेच्या भिंतीपलीकडच्यालाही मार लागतो. हे त्याहून वाईट.

पट्ट्यावर आधी कोण आडवं येतं त्या क्रमाने निकाल लावावा, की जमिनीला टेकल्यावरही हिटबॉक्स 2-3 फ्रेम जिवंत ठेवावा? दुसऱ्या उपायात उसळी द्यायची की नाही? ज्यांनी हे केलंय त्यांनी तपासणीचा नेमका क्रम सांगा, प्लीज.