लहानग्याचं गव्हाशिवायचं खाणं, घरी आणि बाहेर: कोकणातले अनुभव

रत्नागिरी, आई

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. गेल्या आषाढात तिला सिलिॲक असल्याचं कळलं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते तो आजार. त्याआधीचे सात महिने पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काड्या, दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शी, आणि वजन नऊ किलोच्या पुढे सरकेना. जंतांचं औषध झालं, दात येताहेत म्हणून झालं, दृष्टही काढून झाली. डॉक्टरांना दोष देत नाही. गहू खाणाऱ्या उत्तरेच्या मानाने आपल्या भाताच्या पट्ट्यात हा आजार कमी दिसतो, म्हणून चटकन सुचतही नाही. शेवटी कोल्हापूरला टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी झाली आणि मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला.

निदान सांगितल्यावर जो तो एकच म्हणाला, "अगं, आपण भातवाले, आपल्याला काय अवघड!" मलाही तसंच वाटलं होतं. चपाती, बिस्किटं, रवा, शेवया त्याच दिवशी घराबाहेर गेल्या. शी सुधारली, पण पोट उतरेना. दीड महिन्यानं आईकडे गेले असताना ती मेतकूट करायला बसली होती. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ भाजून झाले आणि तिने डब्यातून मूठभर गहू काढून कढईत टाकले. मी बघतच राहिले. मऊ भात, तूप आणि मेतकूट हेच लेकीचं रोजचं जेवण होतं, आणि तेच मी सगळ्यात निर्धास्तपणे भरवत होते. घरी आल्यावर एकेक डबी उलटी करून वाचली. पिवळ्या हिंगाच्या डबीवर घटकांमध्ये गव्हाचं पीठ! वरणाला दोन्ही वेळा चिमूट चिमूट जात होतं.

आता मेतकूट गव्हाशिवाय करते, आणि हिंग तांदळाच्या पिठातला मिळतो तो आणते, नाही मिळाला तर लसणाची फोडणी. घरी, हॉटेलात, कार्यात, प्रवासात तुम्ही कसं निभावता ते लिहा. एकदोन वर्षांची मुलं असलेल्यांनी आवर्जून लिहा.

कुडाळ, आजी

माझा नातू दोन वर्षांचा. आमच्याकडे गहू नव्हताच म्हटलं तरी चालेल. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी, रात्री घावणे. तरी मुलाची तक्रार मिटेना. सून रोज वहीत लिहायची, काय खाल्लं, शी कशी झाली. त्या वहीतूनच लक्षात आलं की ज्या दिवशी भात त्या दिवशी बरं, ज्या दिवशी घावणे किंवा भाकरी त्याच्या दुसऱ्या दिवशी त्रास. तांदूळ तोच, घरच्या शेतातला. मग पीठ कुठे बिघडतं?

गिरणीत. माझ्या आधीच्या बाईचं दळण गव्हाचं, आणि त्याच जात्यात माझे तांदूळ. पहिलं किलोभर पीठ निघतं ते तिच्या गव्हाचं उरलेलं घेऊन. गिरणवाला भला माणूस, म्हणाला, "सकाळी पयला दळाण तुमचा घालतंय." पण आदल्या रात्रीचं पीठ यंत्रात असतंच. मी स्वतः हात घालून बघितलं, पांढऱ्या पिठात तो गव्हाळ रंग दिसतो.

माळ्यावर सासूबाईंचं जातं होतं. त्याने कधी गहू बघितला नाही, नाचणी आणि कुळीथ एवढंच. उतरवलं, टाकी लावून घेतली आणि पाच महिने मी त्याच्यावर दळलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी दंड भरून यायचे. दिवाळीत मुलाने घरघंटी आणली, तिच्यात गव्हाचा दाणा जाऊ देत नाही. शेजारीण एकदा दळण घेऊन आली तेव्हा तिला नाही म्हणावं लागलं. पाणी, विरजण, काहीही मागितलं तर आम्ही नाही म्हणत नाही, त्यामुळे ते जड गेलं. तिने मनावर घेतलं नाही.

देवगड, आई

थोडक्यात लिहिते. घरात बाकीच्यांसाठी चपात्या व्हायच्या आणि लेक ओट्याशी रडू नये म्हणून मी हातात कणकेचा गोळा द्यायचे. चिमणी कर, साप कर. खाण्यात गहू नाही म्हणून मी निवांत. एक दिवस वाकून पाहिलं तर गालात गोळा, नखांत कणीक, फ्रॉकवर वाळलेलं पीठ. त्या दिवसापासून चपात्या बंद, सगळं घर भाकरीवर. खेळायला तांदळाची उकड देते, ती खाल्ली तरी हरकत नाही.

चिपळूण, आई

आमची चूक लिहिते, कोणी तरी वाचेल म्हणून. मुलगा पावणेदोन वर्षांचा होता. त्याचं पोट बिघडायचं तेव्हा एका नातेवाइकांनी सांगितलं, गहू बंद करून बघ. केला. तीन महिन्यांत मुलगा टवटवीत झाला. मग तपासणीला गेलो तर रक्त अगदी चांगलं आलं. येणारच होतं. गहू पोटात जात असेल तरच ती तपासणी आजार दाखवते. नक्की निदान हवं तर पुन्हा गहू सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहा आठवडे मी त्याला रोज चपाती भरवली. तो आनंदाने खायचा आणि संध्याकाळी पोट धरून माझ्या मांडीवर पडायचा. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. संशय आला तर आधी तपासणी करा, गहू नंतर बंद करा. हे पथ्य जन्मभराचं आहे, अंदाजावर लादू नका.

मालवण, बाबा

बाहेर खाण्याचं लिहितो, कारण आमच्या घरी ते टळत नाही. माझा धंदा पर्यटकांचा आणि मुलगी तीन वर्षांची, सगळीकडे बरोबर येते.

"ग्लूटेन आहे का?" असं कुणाला विचारू नका. समोरचा नाही म्हणतो, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, शब्दच ओळखीचा नसतो. मी विचारतो, "रवा, मैदा, गव्हाचं पीठ आणि डबीतला हिंग कशाकशात पडतो?" मग आतून खरी उत्तरं येतात. तळलेल्या माशाला बहुतेक ठिकाणी रवा लावतात. काही जण तांदळाचं पीठ लावतात, पण तवा तोच, आणि तव्यावर आधीच्या सुरमईचा रवा जळून बसलेला असतो. भजीचं बेसन चालतं, कढईतलं तेल चालत नाही, त्यात समोसेही तळलेले असतात. कोंबडी-वड्याचे वडे तांदळाचे म्हणून गृहीत धरू नका, वड्याच्या पिठात काही घरांत गहू असतो. चायनीजकडे फिरकतच नाही, सोया सॉसमध्ये गहू असतो.

उरतं ते पुष्कळ आहे. साधा भात, नारळाच्या वाटणाची माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मुलीसाठी आमटी तिखट, म्हणून मासा धुऊन भातात कुस्करतो आणि वर घरून नेलेलं तूप. जायचं ते बाराच्या आत, गर्दीच्या वेळी कोणाला सांगून उपयोग नाही.

एका छोट्या खाणावळीत काकूंनी मला आत बोलावलं होतं. तवा राखेने घासला, धुतला, तांदळाच्या पिठाची बरणी उघडली, मग बरणीतल्या चमच्याकडे पाहून थांबल्या. "ह्यो रव्यातलो चमचो," म्हणाल्या आणि बरणी बाजूला ठेवली. मीठ-हळद लावून बांगडा नुसता तेलावर परतून दिला. अशी माणसं भेटली की डोळ्यांत पाणी येतं.

दापोली, आजोबा (निवृत्त शिक्षक)

सूनबाईंनी वाचायला दिलं म्हणून लिहितो. गहू आणि या आजाराचा संबंध ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि एरवी खंगलेली ही मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. मी शेजाऱ्यांना हीच गोष्ट सांगतो. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणारा माणूस ती ऐकून गप्प होतो, फाईल दाखवून होत नाही.

गणपतीत आरतीला घरोघर जावं लागतं. उकडीचा मोदक चालेल असं आम्ही धरून होतो. गेल्या वर्षी एका घरी कळलं, पारी फाटू नये म्हणून उकडीत चमचाभर मैदा घालतात. आता नातीच्या हातावर फक्त खोबरं, फळ आणि आमच्या घरचा मोदक. सत्यनारायणाचा शिरा आम्ही कपाळाला लावून घेतो. भटजींनीच सांगितलं, श्रद्धेने केळं घेतलं तरी तो प्रसादच.

अलिबाग, आई

पाकिटांबद्दल. "नाचणीची बिस्किटं" असं समोर मोठं लिहिलेलं असलं तरी मागे वाचा, बहुतेकांत मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. सातूच्या पिठाचंही तसंच, आपल्याकडच्या सातूत गहू असतो. आपल्याकडच्या नियमानुसार "ग्लूटेन फ्री" लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणून तो शब्द असलेलं पाकीट शोधा. एसटीत शेजारची बाई प्रेमाने बिस्किट पुढे करते आणि मूल तोंडात टाकतं, त्याला उपाय एकच: बसायच्या आधीच त्याच्या हातात काहीतरी हवं. मी नाचणीचा लाडू देते. दोन्ही हात भरलेले असले की तिसरी वस्तू घेता येत नाही.

रत्नागिरी, आई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मेतकूट सुटलं तरी गिरण माझ्या डोक्यातच आली नव्हती, उद्यापासून तांदूळ मिक्सरवर. लेकीचं वजन आता अकरा किलो दोनशे. पुढच्या आठवड्यात पालखी दारात येईल, पुरणपोळी करायचीच. मोठ्यांच्या पोळीकडे ती बघत राहते हे मला सोसत नाही. तांदळाच्या पिठात पुरण भरून पोळी कोणी केली आहे का?

कुडाळ, आजी

मी केली. मोदकासारखी उकड काढायची, पण पाणी थोडं जास्त आणि चमचाभर तूप. गरम असतानाच मळायची, गार झाली की चिरते. लाटू नका, केळीच्या पानाला तेल लावून हाताने थापा आणि पानासकट तव्यावर उलटी घाला. पान सुटलं की पोळी झाली. पुरण जरा कोरडं ठेवा. आणि पुरणयंत्र जुनं वापरू नका, त्याच्या जाळीत काय अडकलेलं असेल सांगता येत नाही. डाळ पाट्यावर वाटा.