क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तरीही

"जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, क्रिएटिनिन ०.९ आलंय, मग लघवीतली एन्झाइम मोजायची कशाला?" या प्रश्नावर थोडं सांगतो.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, फार उशिरा बोंब मारतं. किडनीची गाळण्याची ताकद निम्म्यावर आली तरी आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. शिवाय जेंटामायसिन आधी धक्का देतं ते गाळणीपुढच्या बारीक नलिकांना, गाळणीला नव्हे.

इथे एनएजी हे एन्झाइम कामाला येतं. त्याचा रेणू एक लाख डाल्टनहून मोठा, त्यामुळे रक्तातून गाळणीच्या जाळीपलीकडे तो सहसा जातच नाही. लघवीत वाढलेला सापडला, तर बहुतेक नलिकांच्या पेशींतूनच सांडलेला. चोर घरातलाच!

मोजण्याची जुनी रीत बघायला गंमत वाटते. लघवीत रंगहीन रसायन घालून ३७ अंशांवर ठेवायचं, मग अल्कली टाकली की नळी पिवळी होते. जितकी गडद, तितकं एन्झाइम जास्त. आकडा मात्र लघवीतल्या क्रिएटिनिनने भागायचा, नाहीतर दोन तांबे पाणी पिऊन आलेला माणूस उगाच पास होतो.

नमुना ताजाच हवा. तासन् तास पडून अल्कधर्मी झालेल्या लघवीत एनएजी टिकत नाही, आणि जीजीटी हे नलिकांच्या पेशींतलंच दुसरं एन्झाइम तर फ्रीझरमध्येही मान टाकतं.

अडचण एवढीच, की ही तपासणी जरा जास्तच हळवी आहे. मधुमेहातही आकडा चढतो. एका रिपोर्टवरून घाबरू नका, कोर्सच्या आधीचा आकडा असेल तर त्याच्याशी ताडून बघा. नेहमीच्या लॅबमध्ये ती सहसा मिळत नाही, हे आहेच.