बास अ‍ॅक्टिव्ह करून घेतला, आता बॅटरी टिकेना

कपाशीवाला_पारोळा:
राम राम मंडळी. आमचा लग्नातला ऑर्केस्ट्रा, मी बास गिटार वाजवतो. जॅझ टाइप, चार तारी, दोन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे), सेकंडहँड घेतलेला. मंडपात मिक्सर कुठल्या कुठे असतो, १० मीटर वायर ओढावी लागते, आणि बास नुसता गुबगुबतो. सूर कोणता ते माझं मलाच कळत नाही. कीबोर्डवाला म्हणे अ‍ॅक्टिव्ह करून टाक, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट बसव. ऑनलाइन ते सर्किट, प्रीअँप, मागवला, गावातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतला. माणूस हाताचा साफ, पण गिटार आयुष्यात उघडलेली नव्हती.

पहिल्या दिवशी आवाज असा खुलला की बस! आता मात्र भानगडी सुरू. ९ व्होल्टची बॅटरी तीन आठवडेही पुरत नाही, वाजवतो महिन्यात चार-पाच लग्नं. परवा नवरी स्टेजवर चढली आणि बास फाटका खरखरून गप्पच झाला. ढोलकवाला वळून विचारतो, 'काय व्हयनं रे?' काय सांगू त्याला! शिवाय मेन व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज गोधडीखाली. आणि आधी तारांना हात लावला की गुणगुण थांबायची, ती आता थांबत नाही. सर्किट खराब आलंय का?

तापीकाठ_शिरपूर:
भाऊ, काढून फेका ते. जुनं वायरिंग परत जोडा आणि एक डीआय बॉक्स (सिग्नल लांब वायरीसाठी तयार करणारी डबी) घेऊन पायाशी ठेवा. बासपासून बॉक्सपर्यंत ३ मीटर वायर, पुढे मिक्सरपर्यंत कितीही ओढा. बासच्या पोटात बॅटरी कशाला?

सोल्डरकाका_भुसावळ:
शिरपूरकरांचं चुकीचं नाही, पण एवढा खर्च केलाय तर आधी जोडणी तपासा. सर्किट चांगलं दिसतंय.

घरी आल्यावर वायर काढून ठेवता, तरी बॅटरी उतरते ना? मग जॅक, म्हणजे वायर खोचायचं भोक, जुना मोनोच (दोन जोडण्यांचा) राहिलाय. हे प्रीअँप साधारण १ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी खातात. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास माल असतो. म्हणजे ५०० तास, एकवीस दिवस. तुमचे तीन आठवडे! बास कोपऱ्यात उभा असतानाही सर्किट चालूच आहे.

तीन जोडण्यांचा स्टीरिओ जॅक लावा. टोकाच्या टिपला सिग्नल, बाहीच्या स्लीव्हला सगळा ग्राउंड, आणि मधल्या रिंगला बॅटरीची काळी वायर. लाल वायर सरळ प्रीअँपला. मोनो पिन आत गेली की तिची लांब बाही रिंग आणि स्लीव्ह एकत्र जोडते, तेव्हाच सर्किट जागं होतं. मात्र पिन तशीच खोचून झोपलात तर पुन्हा तेच रडगाणं.

गोधडीचं कारण व्हॉल्यूम. प्रीअँपच्या पुढे जुना २५०के (२५० किलोओहमचा) पॉटच, म्हणजे फिरवायचं बटणच, मेन व्हॉल्यूम म्हणून लावला असणार. वाईटात वाईट जागी त्याचा अडथळा साठेक किलोओहम होतो. तुमच्या १० मीटर वायरीत साधारण १००० पिकोफॅरड धरा, म्हणजे २५०० हर्ट्झच्या वरचा आवाज उतरायला लागतो. तिथे २५के हवा. पिकअप आणि प्रीअँपच्या मध्ये जे पॉट आहेत ते २५०केच राहू द्या, घाईत तेही बदलू नका.

राहिली गुणगुण. ब्रिजखालून (तारा टेकतात ती पट्टी) येणारी ग्राउंडची वायर कापलीय का बघा. अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये ती सहसा जोडत नाहीत, तुमचे पिकअप पॅसिव्हच, म्हणजे बिनबॅटरीचे, आहेत, त्यांना ती लागते. कुणीतरी अर्धवट ऐकलेलं दिसतंय.

आणि जनरेटरवरचा मंडप असेल तर अर्थिंग बघूनच तारांना हात लावत जा. माइकला ओठ लागून झटका बसलेला गायक मी पाहिलाय.

कपाशीवाला_पारोळा:
काका, रात्रीच झाकण उघडलं. ब्रिजची वायर कापून वर काळी टेप गुंडाळलेली! जॅकला दोनच पाय. पॉटवर बी२५०के. पत्र्याखाली घामाने सोल्डरची इस्त्री हातातून निसटत होती, तरी ब्रिजची वायर जोडली. तारेला बोट लावलं आणि गुणगुण गप्प. बायको म्हणे, रात्री बारा वाजता काय हसताय.

जळगावहून स्टीरिओ जॅक आणला. २५के मात्र मिळाला नाही, ५०के आहे. चालेल?

सोल्डरकाका_भुसावळ:
चालेल. ए लिहिलेला घ्या, बी घेतलात तर शेवटच्या टोकाला सगळा आवाज एकदम पडेल. आणि बॅटरी पोकळीत मोकळी सोडू नका, फोमचा तुकडा दाबा. तिचं पत्र्याचं अंग सर्किटला टेकलं की शॉर्ट.

तापीकाठ_शिरपूर:
डीआय बॉक्सचं मी अजूनही म्हणतो.

कपाशीवाला_पारोळा:
पुढच्या सीझनला, भाऊ. कापूस विकला गेला की.