आंग्लिरूचा सरासरी १० टक्के चढ इतका अवघड का मानतात?

अचलपूरकर (प्रश्न)
स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातला आंग्लिरू घाट सुमारे १२.५ किलोमीटर लांब असून त्याचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास (म्हणजे दर शंभर मीटरला सुमारे दहा मीटर उंची) आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला आम्ही गिअरच्या साध्या सायकलींवर जातो. दम लागतो, पण पाय टेकावे लागत नाहीत. मग व्हुएल्टा या स्पेनमधल्या मोठ्या सायकल शर्यतीतले व्यावसायिक सायकलपटू या घाटाची एवढी धास्ती का घेतात?

मेळघाटवासी
सरासरीवर जाऊ नका. या घाटाचा पहिला अर्धा भाग तुलनेने सौम्य आहे, मध्ये तर रस्ता जवळपास सपाट होतो आणि ही सगळी सवलत शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये व्याजासकट वसूल केली जाते. तिथली सरासरीच १३ टक्क्यांच्या घरात असून क्वेन्या लेस काब्रेस या तुकड्यात चढ २३.५ टक्क्यांपर्यंत जातो. भरलेली एसटी रोज ज्या रस्त्याने चिखलदऱ्याला चढते, त्याच्याशी याची तुलना होऊच शकत नाही.

वऱ्हाडी सायकलस्वार
थोडा हिशेब मांडतो. स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो वजन धरले, तर २३ टक्के चढावर ताशी अवघे ८ किलोमीटर जाण्यासाठी, केवळ वजन वर नेण्यातच, जवळपास ३९० वॅट खर्च होतात. पुढच्या गिअरचक्राला ३९ आणि मागच्याला २५ दाते असतील, तर या वेगाला पायडल मिनिटाला चाळिसेक वेळाच फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर प्रचंड जोर येतो. पुढे ३४ व मागे ३२ दाते लावले, की तेच फेरे साठाच्या आसपास जातात. माझ्या मते येथे निम्मी लढाई गिअर निवडतानाच ठरते.

अचलपूरकर
गिअरचे पटले. पण एवढ्या चढावर उभे राहून जोर लावला तर चालणार नाही का?

मेळघाटवासी
कोरड्या रस्त्यावर थोडा वेळ चालेल. ओल्या रस्त्यावर मात्र उभे राहताच मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागीच घसरते, आणि बसून फार मागे रेलल्यास पुढचे चाक उचलले जाते. २००२ साली पावसात संघांच्या मोटारीसुद्धा या चढावर अडकल्या होत्या. त्याच दिवशी वारंवार पडलेल्या डेव्हिड मिलर या ब्रिटिश सायकलपटूने अंतिम रेषेच्या जेमतेम मीटरभर अलीकडे थांबून निषेध म्हणून अंगावरची आपली क्रमांकपट्टी काढून दिली आणि शर्यत सोडली. त्याचा राग मला रास्तच वाटतो, कारण मोटारीही जिथे चढत नाहीत तिथे पावसात शर्यत घेणे ही आयोजकांची हौस झाली.