‘दम्याचं जनुक’ आणि ‘पाथवे’: नेमके शब्द कोणते?

प्रश्न: अ‍ॅलर्जिक दम्यावरच्या लेखात ‘दम्याला कारणीभूत जनुक’ असं लिहिलेलं चालेल का? आणि पेशींमधल्या इशाऱ्यांच्या वाटेला म्हणतात त्या ‘पाथवे’साठी मार्ग घ्यावा की साखळी?

प्रतिसाद १: ‘कारणीभूत’ नको, ‘दम्याशी निगडित जनुकस्थान’ (म्हणजे गुणसूत्रावरची जागा) लिहा. १७व्या गुणसूत्रावरचा क्यू२१ हा भाग बघा. लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी त्याचा संबंध २००७ साली दिसला. पण तिथे ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी ही जनुकं शेजारीशेजारी आहेत आणि त्या पट्ट्यातले बदल वारशात एकगठ्ठा येतात. त्यामुळे नुसत्या जनुकीय पाहणीवरून कोणत्या एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. शिवाय याला ‘अ‍ॅलर्जीचं’ तर म्हणूच नका. २०१०च्या गॅब्रिएल या जनुकीय अभ्यासात दम्याशी निगडित स्थानं आणि आयजीईची (अ‍ॅलर्जीतल्या प्रतिपिंडाची) पातळी ठरवणारी स्थानं बहुतांशी वेगळी निघाली.

प्रतिसाद २: ‘पाथवे’ला ‘संदेशमार्ग’ म्हणा. ‘साखळी’ म्हटलं की एकामागे एक कड्या डोळ्यांसमोर येतात, आणि इथे तर फाटे फुटतात. घरातल्या धुळीतल्या माइट या सूक्ष्म जिवाच्या विष्ठेत डर पी १ हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल करतं. अस्तरपेशी टीएसएलपी आणि आयएल-३३ ही इशारा देणारी प्रथिनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्यावर टीएच२ आणि आयएलसी२ या रोगप्रतिकारक पेशी कामाला लागतात, स्वतःची इशारा-प्रथिनं सोडतात आणि इथून वाटा वेगळ्या होतात. त्यातली आयएल-४ आणि आयएल-१३ एकाच ग्राहीघटकाचा (पेशीवर इशारा पकडणाऱ्या प्रथिनाच्या भागाचा), आयएल-४ ग्राही-अल्फाचा, वापर करून पेशीतल्या स्टॅट६ या प्रथिनाला जागं करतात. त्यातून बी पेशी आयजीई बनवू लागतात, नळीत चिकट कफ वाढतो. आयएल-५ मात्र वेगळ्या ग्राहीवरून इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढवतं आणि जगवतं.

हा फरक औषधांबद्दल लिहिताना फार उपयोगी पडतो. डुपिलुमॅब हे औषध पहिली, म्हणजे आयएल-४ आणि आयएल-१३ची, वाट अडवतं. ते सुरू केल्यावर काही रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल काही काळ वाढलेले दिसतात, कारण आयएल-५ चालूच असतं, पेशी तयार होत राहतात, पण रक्तातून फुप्फुसात शिरायला त्यांना लागणारे इशारे कमी झालेले असतात. ‘साखळी तोडली’ असं वाचलेल्या माणसाला हा रिपोर्ट हाती आला की औषध लागू पडलं नाही असंच वाटणार.

प्रतिसाद १: अगदी बरोबर. तसंच दुसऱ्या एका औषधाबद्दलचं ‘ओमालिझुमॅब आयजीई कमी करतं’ हे वाक्यही अपुरं आहे. ‘मुक्त आयजीईला बांधून ठेवतं’ असं लिहावं. बांधलेलं आयजीई शरीरातून हळू बाहेर पडतं, म्हणून प्रयोगशाळेतला एकूण आयजीईचा आकडा उपचारानंतर उलट चढतो. औषध बंद केल्यावरही तो वर्षभरापर्यंत चढलेला राहू शकतो. डोस ठरतो तो वजनावर आणि उपचाराआधीच्या आयजीईवर; मधल्या काळातला आकडा त्यासाठी धरत नाहीत. लेखात ‘एकूण’ आणि ‘मुक्त’ ही विशेषणं गाळू नका.