फॉर्म्युला वनचं इंजिन राहू द्या, अपघाताची चौकशी घ्या

पिटलेन (चिंचवड):
फॉर्म्युला वन मोटारशर्यतीचा समाजाला काय उपयोग, असं कुणी विचारलं की आपण चाहते शर्यतीतून रस्त्यावरच्या गाड्यांत आली म्हणतात त्या तंत्रांची ठरलेली यादी काढतो. डिस्क ब्रेक, टर्बो, कार्बन फायबर, हायब्रिड. या यादीवर आपण फार विसंबतो असं माझं मत झालं आहे. शर्यतीने जगाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे माणूस मेला की त्या मृत्यूची चौकशी कशी करायची याची शिस्त. भारतात नेमकी तीच आपण उचललेली नाही.

१९६६ साली बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत चालक जॅकी स्ट्युअर्ट पावसात घसरला आणि पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत जवळजवळ २५ मिनिटं गाडीत अडकून पडला. स्टिअरिंग काढायला लागणारा पाना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. पुढे तो पट्टे, कठडे आणि डॉक्टर मागू लागला तेव्हा त्याला भित्रा म्हणणारे कमी नव्हते. नंतर सुधारणा झाल्या, पण 'शर्यत म्हटली की जोखीम आलीच' ही वृत्ती खऱ्या अर्थाने मोडली ती १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत. ३० एप्रिलला चालक रोलांड रॅत्झेनबर्गर गेला, १ मे रोजी आयर्टन सेना. एफआयए या जागतिक संघटनेने मेंदूशल्यचिकित्सक सिड वॉटकिन्स यांच्याकडे तज्ज्ञ समिती सोपवली. पुढच्या वर्षांत कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, निखळलेलं चाक उडू नये म्हणून दोर आले, २००३ मध्ये मान सांभाळणारं हान्स सक्तीचं झालं आणि २०१८ मध्ये डोक्याभोवतीची टायटॅनियमची हेलो चौकट आली.

आता २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. रोमॅं ग्रोजॉंची गाडी ताशी १९२ किलोमीटरने कठड्यावर आदळली. धक्का ६७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट. कठडा फाटला, गाडीचे दोन तुकडे झाले, आग लागली. २७ सेकंदांनी तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हाच ग्रोजॉं आधी हेलोच्या विरोधात होता. चूक पाहायची तर त्याचीच होती, क्व्याट या दुसऱ्या चालकाची गाडी शेजारी असताना तो उजवीकडे वळला. पण चौकशी तिथे संपली नाही. कठडा का उघडला, इंधन बाहेर कसं आलं, त्याचा डावा पाय कशात अडकला, हे सगळं तपासून निष्कर्ष जाहीर केले गेले.

आणि आपल्याकडे? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात 'चालकाचा ताबा सुटल्याने'. पंचनामा झाला, गुन्हा नोंदला, विषय संपला. दुभाजकाचं टोक उघडं का होतं, बंद पडलेला ट्रक रिफ्लेक्टरशिवाय रात्रभर का उभा होता, हे प्रश्न कुठल्या कागदावर येतात? मला याचा संताप येतो. जे वीस-बावीस ड्रायव्हरांसाठी करता येतं ते आपल्यासाठी का नाही?

मेघना_ना (नागपूर):
वीस-बावीस ड्रायव्हरांचा मुद्दा मान्य. पण या खेळाला शिस्तीचा आदर्श म्हणायला मी तयार नाही. मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. हा खेळ कित्येक दशकं सिगारेटच्या पैशावर चालला. गाड्यांचे रंगच सिगारेटच्या पाकिटांचे असायचे. १९९७ मध्ये ब्रिटनच्या नव्या सरकारने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदीची तयारी केली आणि फॉर्म्युला वनला त्यातून सूट देऊ केली. मग उघड झालं की या खेळाचे कर्तेधर्ते बर्नी एक्लेस्टन यांनी निवडणुकीआधी त्याच पक्षाला दहा लाख पौंडांची देणगी दिली होती. देणगी परत केली गेली, पण घडायचं ते घडलं. ज्या काळातल्या सुरक्षेच्या सुधारणा तुम्ही सांगता त्याच काळात हा खेळ टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना तंबाखू विकत होता. त्यातले किती मेले याची चौकशी कुठल्या समितीने केली?

स्टेपनी:
मी मुद्द्याचंच बोलतो. २०२२ च्या त्याच सरकारी आकड्यांत मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर शंभरातले चौसष्ट लोक मोटारीत नव्हतेच. त्यांना हेलो, हान्स आणि चालकाभोवतीचं कार्बन फायबरचं कवच काय कामाचं? आमच्या सांगली रोडला दुधाचे कॅन लावून पहाटे निघणाऱ्या माणसाला फॉर्म्युला वनमधून काय मिळालं ते एका वाक्यात सांगा.

पिटलेन:
एका वाक्यात जमणार नाही, थोडं ऐकून घ्या. मेघनाताईंचं उत्तरही त्यातच आहे.

या खेळाचे व्यावसायिक हक्क शंभर वर्षांसाठी विकले गेले. त्या व्यवहाराच्या पैशातून एफआयएने ३० कोटी डॉलर दिले आणि २००१ मध्ये एफआयए फाउंडेशन उभं राहिलं. तंबाखूच्या जाहिरातींमुळे त्या हक्कांची किंमत वाढली असणार, ते मी नाकारत नाही. पण पुढे तो पैसा कुठे गेला तेही पाहा. गाड्या आपटून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपला या फाउंडेशनचा आधार मिळाला. इमोलानंतर एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली युरोपातल्या तशाच योजनेचे पहिले प्रमुख झाले होते, हा त्याच धाग्याचा आधीचा भाग. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. उद्योगाचं म्हणणं, आम्ही भारतीय नियम पाळतो. आणि तेही खरं होतं, कारण समोरून आपटण्याची अशी चाचणी तेव्हा आपल्या नियमांतच नव्हती! ती नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्या गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. २०१८ च्या डिसेंबरात रांजणगावला बनणाऱ्या टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला ग्लोबल एनकॅपकडून ते पहिल्यांदा मिळाले. २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची तशीच योजना सुरू झाली. आज शोरूममध्ये माणूस मायलेजबरोबर तारेही विचारतो, त्यामागे ही साखळी आहे.

स्टेपनी, दुधवाल्यापर्यंत यातलं फार थोडं पोचलं, हे तुमचं बरोबर आहे. म्हणूनच मी वस्तू मागत नाही, चौकशीची पद्धत मागतो. ती दुचाकीच्या अपघातालाही लागू पडते.

टॉर्क७७ (चाकण):
पिटलेन, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण इंजिनाला तुम्ही फार सहज सोडून दिलंत. मी याच क्षेत्रात आहे म्हणून लिहितो. २०१४ ते २०२५ शर्यतीच्या गाडीला तासाला १०० किलोपेक्षा जास्त इंधन ओढायला मनाई होती. त्या एका बंधनामुळे इंजिनवाल्यांनी प्रत्येक थेंब पिळून काढला आणि २०१७ मध्ये मर्सिडीजने चाचणीच्या बाकावर ५० टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठली. रस्त्यावरचं चांगलं पेट्रोल इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास थांबतं, बाकी उष्णता वाया. ही फुटकळ गोष्ट नाही. आणि मर्सिडीजच्या इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थच्या इंजिन कारखान्यातले हेच लोक २०२० च्या मार्चमध्ये लंडनच्या यूसीएल विद्यापीठाबरोबर श्वसनाचं सीपॅप यंत्र बनवायला बसले. पहिल्या बैठकीपासून पहिलं यंत्र तयार व्हायला शंभर तासही लागले नाहीत. पिस्टन बनवणाऱ्या मशीनवर त्यांनी १०,००० यंत्रं बनवली आणि आराखडे जगाला फुकट खुले केले. स्पर्धेने घडवलेला हा वेग सरकारी प्रयोगशाळेत येत नाही.

कासवगती:
चांगली उदाहरणं निवडून काढली की कुठलीही गोष्ट थोर दिसते. तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिनने बनवला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. शर्यतीशी काही संबंध नाही. न घसरता थांबवणारं एबीएस आलं विमानांतून. फॉर्म्युला वनमध्ये तर १९९४ पासून त्यावर बंदी आहे, कारण चालकाचं कौशल्य दिसायला हवं. आमचा जीव वाचवणारं तंत्र जो खेळ स्वतःच्या गाडीत चालू देत नाही तो आमची प्रयोगशाळा कसा? आणि त्यांच्याच हिशेबाप्रमाणे २०१८ च्या हंगामात २,५६,५५१ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन झालं. त्यात शर्यतीच्या गाड्यांचा वाटा फक्त ०.७ टक्के. बाकी विमानं, ट्रक, माणसांची ने-आण, कारखाने. मग ५० टक्के कार्यक्षमतेचं इंजिन घेऊन जग फिरण्यात कुठलं शहाणपण? त्या इंजिनाची हुशारी ज्या ०.७ टक्क्यांवर खर्च झाली, तेवढ्यातच संपते.

टॉर्क७७:
रस्त्यावरच्या कोट्यवधी इंजिनांत त्यातलं दोन टक्के जरी उतरलं तरी हिशेब बदलतो. २०२६ च्या नियमांत जवळजवळ निम्मी ताकद विजेची आणि इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांचं आहे. विमानवाहतूक आणि जुन्या गाड्या बॅटरीवर लवकर जाणार नाहीत. त्यांना या इंधनाचा अनुभव लागणारच.

कासवगती:
'उतरलं तर' यावर माझा विश्वास नाही. एवढंच.

भूलवैद्य:
पिटलेन यांच्या बाजूने एक भर घालतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेनंतर बाळाला थिएटरमधून आयसीयूत हलवताना गोंधळ व्हायचा. नळ्या, पंप, व्हेंटिलेटर आणि सहा जण एकाच वेळी बोलणारे. तिथल्या डॉक्टरांनी टीव्हीवर पिटस्टॉप, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून काही सेकंदांत चाकं बदलणं, पाहिला आणि थेट फेरारीच्या लोकांना गाठलं. त्यांनी शिकवलं ते साधं होतं. एक माणूस प्रमुख, प्रत्येकाची जागा आणि काम ठरलेलं, हात चालू असताना बडबड नाही, यादीशिवाय हस्तांतर नाही. नंतर २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. तांत्रिक चुका घटल्या आणि सांगायची माहिती राहून जाण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. यात महागडं काहीही नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात उद्यापासून करता येईल. मी रोज हे हस्तांतर करतो आणि आपल्याकडे ते अजून व्यक्तीच्या स्वभावावर चालतं, याचं मला दुःख होतं.

सई_कोथरूड:
मला मूळ मुद्द्यालाच विरोध करायचा आहे. 'चालकाला दोष देऊन थांबू नका' हे ऐकायला छान आहे, पण पुण्यात राहून ते पचत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले. त्या रात्री रस्त्याच्या रचनेची चौकशी करायची होती का? ज्याच्या हातात गाडी आणि जो ती देतो, त्याला जबाबदार धरणं हीच पहिली सुरक्षा आहे. 'यंत्रणा दोषी' म्हटलं की पैसेवाल्यांचे वकील सगळ्यात आधी खूश होतात. आणि वेगाचं हे वेड पोरांच्या डोक्यात भरतं कोण? रात्री अकरानंतर आमच्या रस्त्यावर सायलेन्सर काढलेल्या बाइक फुंकत जाणाऱ्यांच्या हेल्मेटवर कुणाचे स्टिकर असतात ते पाहा. हेल्मेट असलंच तर.

पिटलेन:
सईताई, शिक्षा आणि चौकशी ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं. तुम्ही सांगितलेल्या घटनेत तर कडक शिक्षाच हवी, त्यावर दुमत असूच शकत नाही. फॉर्म्युला वनमध्येही धोकादायक चालवल्याबद्दल परवान्यावर गुण चढतात, बारा महिन्यांत बारा झाले की एका शर्यतीची बंदी. २०२४ मध्ये चालक केविन मॅग्नुसनला बाकूच्या शर्यतीत घरी बसावं लागलं. कितीही पैसा असला तरी त्यातून सुटका नाही.

वेगाच्या वेडाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या याच गाड्या पिटलेनमध्ये, म्हणजे जिथे माणसं पायांवर उभी असतात तिथे, ताशी ८० च्या वर जाऊ शकत नाहीत. मोनॅकोसारख्या अरुंद जागी ६०. हा नियमसुद्धा १९९४ चाच. जोराने जायची जागा वेगळी आणि माणसांची जागा वेगळी, हे त्या पोरांना शिकवणारा खेळ हाच आहे. त्यांना कमी पैशात उतरता येईल असे ट्रॅक आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि करांच्या वादात ते संपलं.

सई_कोथरूड:
ट्रॅक बांधले म्हणून रस्त्यावरची थांबतील हे मला पटत नाही. कोथरूडमधली जी मुलं मला दिसतात त्यांना बघायला लोक हवे असतात, ट्रॅकवर ते नसतात. पिटलेनच्या ८० च्या नियमाचा मुद्दा मात्र शाळेच्या रस्त्यांसाठी मी उचलणार आहे.

साइडपट्टी (पनवेल):
रस्त्यांच्या कामात असल्यामुळे लिहितो. पिटलेन मागत आहेत ते महाराष्ट्रात एका ठिकाणी झालं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले. त्यानंतर रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आणि पोलिसांनी मिळून जिथे माणसं मरतात ती ठिकाणं एकेक करून तपासली. उघडे खांब, कठड्यांची टोकं, मध्येच उभे राहणारे ट्रक, उशिरा पोचणारी मदत. काही वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. रस्ता तोच, घाट तोच, चालकही तेच.

पण पिटलेन, तुमची तुलना एका ठिकाणी मोडते. एफआयएने उद्या म्हटलं की हेलो लावा, तर सगळ्यांनी लावायचा, नाहीतर शर्यतीत उतरायचं नाही. आमच्याकडे एकाच चौकात पीडब्ल्यूडी, महापालिका, राष्ट्रीय महामार्ग आणि वीज मंडळ. खांब कुणाचा यावरच सहा महिने जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. सदोष रचनेमुळे मृत्यू झाला तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित यंत्रणेला दंड होऊ शकतो. किती? जास्तीत जास्त एक लाख. कोट्यवधींच्या कामात एक लाख कुणाला बोचणार?

मेघना_ना:
यात मात्र मी तुमच्या दोघांच्या बाजूने आहे. अपघातांची माहिती आता सरकारी ई-डार प्रणालीत भरली जाते. ती भरली जाते म्हणजे आहे. मग एखाद्या ठिकाणी वारंवार माणसं मरत असतील तर तिथला तपशील, कारण आणि काय बदललं, हे त्या गावच्या लोकांना मराठीत वाचायला मिळालं पाहिजे. साथीच्या रोगांत आम्ही हेच करतो, गावनिहाय.

साइडपट्टी (पनवेल):
जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतात. तिथल्या इतिवृत्ताची मागणी माहितीच्या अधिकारात करता येते. रायगडसाठी अर्ज मी करतो. नागपूरचा तुम्ही करा, सांगली रोडचा स्टेपनींनी.

स्टेपनी:
करतो. त्यात दुचाकीवाल्यांचं नाव येतं की नाही, ते मला बघायचंच आहे.